दोन नोंदवह्यांची सांगड
संगणकांतील कोष्टकें एकमेकांस कशीं जोडतात, व शेतकऱ्यानें तें कां समजून घ्यावें

ज्यानें सातबाऱ्याचा उतारा कधीं हातीं घेतला नाहीं असा खातेदार घनसावंगी तालुक्यांतच काय, सबंध महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. परंतु त्या उताऱ्यास हें विचित्र नांव कां पडलें, असें विचारल्यास पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. आपल्या महसुली दप्तरांत गांवपातळीवर एकवीस नमुन्यांच्या नोंदवह्या ठेवण्याची पद्धत आहे. त्यांपैकीं नमुना सात हें अधिकार अभिलेख पत्रक होय. जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकार किती, बोजा कोणाचा, हें त्यांत असतें. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. कोणत्या हंगामांत कोणतें पीक किती क्षेत्रावर उभें होतें, हें तींत लिहितात. एक वही हक्काची, दुसरी पिकाची. दोहोंत समान असा एकच रकाना, तो म्हणजे भूमापन क्रमांक अथवा गट क्रमांक. या एका रकान्याच्या आधारानें दोन वह्यांतील मजकूर एकाच कागदावर उतरविला, कीं सातबारा तयार झाला.

ज्यास संगणकाच्या भाषेंत ‘जॉईन’ म्हणतात, तें हेंच. निरनिराळ्या कोष्टकांतील ओळी एखाद्या समान रकान्यावरून एकमेकींस जोडावयाच्या व त्यांतून हवी ती माहिती एकत्र काढावयाची, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्या तलाठ्यांनीं ही क्रिया हातानें कित्येक वर्षें केली. आज ती यंत्र करितें. २०१८ सालच्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि बारा नमुन्यांतील पीक स्वतः शेतकरी भ्रमणध्वनीवरून नोंदवूं लागला. अतिवृष्टीची भरपाई, पीकविमा, कर्जमाफी, किसान सन्मान निधि, या सर्वांच्या याद्या आतां अशा जोडणींतून निघतात. शेतांत पीक उभें असेल, सातबारा निर्वेध असेल, तरीहि जोडणी फसली तर यादींत नांव येत नाहीं. म्हणून ही क्रिया कशी चालते व कोठें फसते, हें प्रत्येक जमीनधारकानें समजून घेणें अवश्य आहे. त्यास संगणक चालवितां येण्याची गरज नाहीं. हिशेबाची वही वाचतां येत असली म्हणजे पुरे.

एकच मोठी वही कां ठेवीत नाहींत?

कोणी म्हणेल, दोन वह्या ठेवून मागाहून जोडण्यापेक्षां सर्व मजकूर एकाच वहींत कां लिहूं नये? समजा, पिकाच्या प्रत्येक ओळींत खातेदाराचें नांव, पत्ता, बँकेचें खातें व क्षेत्र हेंहि लिहिलें. एका खातेदाराचे चार गट आणि प्रत्येकांत दोन पिकें असलीं, तर त्याचें नांव एका हंगामांत आठ वेळां लिहावें लागेल. पुढें तो वारला व वारसाची नोंद करावयाची वेळ आली, म्हणजे आठहि ठिकाणीं खाडाखोड आली. त्यांतील एक जागा चुकून तशीच राहिली, तर त्याच वहींत एका जमिनीचे दोन मालक दिसूं लागतील. याउलट नांव एकाच वहींत एकदांच लिहिलेलें असेल, तर दुरुस्तीहि एकदांच करावी लागते. ज्या गोष्टीची वही, ती गोष्ट त्याच वहींत एकदां लिहावी, आणि दुसऱ्या वहींत तिचा केवळ क्रमांक द्यावा, हा दप्तर राखण्याचा उत्तम नियम होय.

हा नियम शास्त्राच्या पायावर उभा करण्याचें श्रेय एडगर कॉड या गणितज्ञाकडे जातें. मूळचा इंग्लंडचा हा गृहस्थ अमेरिकेंत आयबीएम या कंपनींत काम करीत असतां १९७० सालीं त्यानें एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवावी व कोष्टकांचा संबंध त्यांतील मूल्यांवरूनच लावावा, हा त्याचा आशय होता. १९७४ सालीं त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉईस या दोघांनीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्यासाठीं एक भाषा मांडली. तीच पुढें ‘एस्क्यूएल’ या नांवानें जगभर रूढ झाली. आज बँकेंत, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर व महसूल खात्यांत माहिती काढण्यास हीच भाषा मुख्यतः वापरतात.

किल्ली म्हणजे काय?

ज्या रकान्यावरून एखादी ओळ निश्चित ओळखतां येते, त्यास किल्ली म्हणावें. किल्ली अशी पाहिजे, कीं एका किल्लीस एकच कुलूप लागेल. गट क्रमांक ही गांवापुरती चांगली किल्ली आहे, कारण एका गांवांत एका क्रमांकाचा एकच गट असतो. परंतु तालुक्याचा विचार केला, कीं ती अपुरी पडते. रांजणींत गट ४१ असेल, तीर्थपुरींत असेल आणि कुंभार पिंपळगांवांतहि असेल. सबंध तालुक्याच्या वह्या नुसत्या गट क्रमांकावर जोडल्या, तर रांजणीच्या गटाला तीर्थपुरीचें पीक चिकटेल. म्हणून तालुक्याची किल्ली ‘गांव व गट’ अशी दुहेरी करावी लागते, आणि पोटहिस्से असतील तेथें ती तिहेरी होते. २०२० सालीं सातबाऱ्याच्या नमुन्यांत जे बदल झाले त्यांत गांवाच्या नांवाबरोबर त्याचा संकेतांक छापला जाऊं लागला. त्याचें मर्म हेंच आहे. एकाच नांवाचीं गांवें अनेक असतात, संकेतांक मात्र एकाच गांवाचा.

खाते क्रमांकाचीहि तीच गोष्ट. आठ-अ उताऱ्यावरील खाते क्रमांक त्या गांवापुरता असतो. ज्याची जमीन दोन गांवांत आहे त्याचीं खातीं दोन, म्हणून यंत्राच्या लेखीं माणसेंहि दोन. हे दोघे एकच आहेत हें ओळखण्यास तिसरी, माणसाची स्वतःची, किल्ली लागते. महाराष्ट्रांत २०२५ पासून कृषि योजनांसाठीं जो शेतकरी ओळख क्रमांक मागितला जातो, तो ही उणीव भरून काढण्यासाठींच आहे.

प्रत्यक्ष उदाहरण

आतां एक लहानसें उदाहरण घेऊं. तें कल्पित आहे, परंतु कागदपेन्सिल घेऊन वाचकांनीं तें ताडून पाहावें. एका गांवच्या चार गटांची हक्कनोंद अशी आहे:

कोष्टक पहिलें: हक्कनोंद
गट ४१ | खातें १२ | क्षेत्र १.२० हेक्टर
गट ४२ | खातें १५ | क्षेत्र ०.८० हेक्टर
गट ४३ | खातें १२ | क्षेत्र २.०० हेक्टर
गट ४४ | खातें १९ | क्षेत्र १.६० हेक्टर

कोष्टक दुसरें: खरिपाची पीकनोंद
गट ४१ | कापूस | ०.७० हेक्टर
गट ४१ | तूर | ०.५० हेक्टर
गट ४२ | सोयाबीन | ०.८० हेक्टर
गट ४३ | कापूस | २.०० हेक्टर
गट ४६ | सोयाबीन | ०.६० हेक्टर

पहिल्या कोष्टकाचें एकूण क्षेत्र ५.६० हेक्टर व दुसऱ्याचें ४.६० हेक्टर. गट ४४ ची पीकनोंद झालेली नाहीं. उलट गट ४६ चें पीक नोंदलें आहे, पण तो गट हक्कनोंदींत नाहीं. नोंदवितांना आंकडा चुकला असेल अथवा शेजारच्या शिवारांतील गट या गांवांत घुसला असेल. असे प्रकार खऱ्या दप्तरांत नेहमींच आढळतात.

जोडणीचे प्रकार

(१) उभय जोडणी, संगणकाच्या भाषेंत ‘इनर जॉईन’. दोन्ही वह्यांत जो गट सांपडेल तेवढाच घ्यावयाचा. यांत गट ४१ च्या दोन ओळी, ४२ ची एक व ४३ ची एक, मिळून चार ओळी येतात व पिकाखालील क्षेत्र ४.०० हेक्टर भरतें. गट ४४ गळला, गट ४६ हि गळला. विशेष हें, कीं ते गळल्याची कोणतीहि खूण उत्तरांत राहत नाहीं. यादी नीटनेटकी दिसते, बेरीज जुळते, आणि खातें १९ चा धनी मात्र तींतून नाहींसा होतो.

(२) डावी जोडणी, म्हणजे ‘लेफ्ट जॉईन’. पहिली वही प्रमाण मानून तींतील प्रत्येक ओळ राखावयाची. दुसऱ्या वहींत जोड मिळाली तर ती लिहावयाची, न मिळाल्यास रकाना रिकामा सोडावयाचा. आतां ओळी पांच होतात. वरील चार ओळींखालीं ‘गट ४४, खातें १९, पीक रिकामें’ अशी पांचवी ओळ येते. येथें उणीव डोळ्यांस दिसते.

(३) उजवी जोडणी, म्हणजे ‘राइट जॉईन’. दुसरी वही प्रमाण. मग गट ४६ ची ओळ राहते व तिच्यापुढें खात्याचा रकाना रिकामा येतो. याहि ओळी पांच.

(४) पूर्ण जोडणी, म्हणजे ‘फुल जॉईन’. दोन्ही वह्यांतील कोणतीच ओळ सोडावयाची नाहीं. ओळी सहा होतात. दप्तर तपासावयाचें असेल तेव्हां हिच्यासारखी दुसरी नाहीं, कारण दोन्हीं बाजूंचे दोष एकदम उघडे पडतात.

(५) सरसकट जोडणी, म्हणजे ‘क्रॉस जॉईन’. हींत किल्ली नसतेच. पहिल्या वहीची प्रत्येक ओळ दुसरीच्या प्रत्येक ओळीशीं लावतात. चार पंचे वीस ओळी. क्वचित् तिचाहि उपयोग होतो. जसें, चार शेतें व पांच वाण यांच्या सर्व जोड्यांचा प्रयोग आंखावयाचा असल्यास. परंतु किल्ली लिहावयाची विसरून कोणी ही जोडणी करून बसला, तर हजार ओळींच्या दोन वह्यांतून दहा लक्ष ओळी निघतात व त्यांतील बहुतेक निरर्थक असतात.

डावी जोडणी यंत्रास कशी सांगतात त्याचा मासला पाहा. प्रत्यक्षांत हे शब्द रोमन अक्षरांत लिहितात. येथें सोयीसाठीं नागरींत दिले आहेत.

सिलेक्ट हक्कनोंद.गट, खातें, पीक, पीकक्षेत्र
फ्रॉम हक्कनोंद
लेफ्ट जॉईन पीकनोंद
ऑन हक्कनोंद.गट = पीकनोंद.गट

याचा अर्थ: हक्कनोंदीची वही प्रमाण मानून तिला पीकनोंद गट क्रमांकावर जोडा व हे चार रकाने दाखवा. ‘गट’ हा रकाना दोन्ही वह्यांत असल्यामुळें तो कोणत्या वहींतला, हें नांव देऊन सांगावें लागतें. शेवटीं ‘जेथें पीक रिकामें आहे’ अशी अट घातली, तर केवळ गट ४४ उत्तरांत येतो. नोंद राहिलेल्या शेतकऱ्यांची यादी ती हीच. मुदत संपण्यापूर्वीं ती चावडीवर लावली गेल्यास पुष्कळांचें नुकसान टळेल.

रिकामा रकाना आणि शून्य

रिकाम्या रकान्याविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. ‘पीक नाहीं’ आणि ‘नोंद नाहीं’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत. जमीन पड ठेवली असेल, तर ‘पड’ अशी नोंद होणें हें ज्ञान झालें. रकाना कोराच असणें हें अज्ञान होय. गट ४४ मध्यें कदाचित् उत्तम कापूस उभा असेल, केवळ नोंदावयाचा राहिला असेल. असा रकाना कोणी शून्य समजून बेरजेंत धरला, तर शेतकऱ्यानें पेरलेंच नाहीं असा खोटा निष्कर्ष निघतो.

यंत्राचा नियमहि येथें चमत्कारिक आहे. रिकामा रकाना कशाशींच जुळत नाहीं, दुसऱ्या रिकाम्या रकान्याशीं देखील नाहीं. दोन वह्यांत खाते क्रमांक कोरा असला, तर त्या दोन ओळी कधींहि जोडल्या जात नाहींत. यांतूनच एक फसवणूक उद्भवते. डावी जोडणी करून मागाहून ‘पीक कापूस असेल तेवढेंच ठेवा’ अशी गाळणी लावली, तर गट ४४ पुन्हां गळतो, कारण रिकामें म्हणजे कापूस नव्हे. नांवाला डावी जोडणी केली, पण फळ उभय जोडणीचें मिळालें. सर्व खातेदार राखून त्यांतील कापसाचा मेळ पाहावयाचा असेल, तर कापसाची अट जोडणीच्याच वाक्यांत घालावी, मागाहून गाळूं नये.

क्षेत्र दुप्पट कसें होतें?

गळती हा एक दोष. वाढ हा दुसरा. उभय जोडणीच्या चार ओळींत जमिनीच्या क्षेत्राचा रकानाहि घेतला व त्याची बेरीज केली, तर १.२० अधिक १.२० अधिक ०.८० अधिक २.०० मिळून ५.२० हेक्टर होतात. वस्तुतः या तीन गटांचें क्षेत्र ४.०० हेक्टरच आहे. गट ४१ मध्यें कापूस व तूर अशीं दोन पिकें असल्यामुळें त्याचें १.२० हेक्टर क्षेत्र दोनदां मोजलें गेलें.

सामायिक खात्यांत हा दोष याहून बळावतो. समजा, खातें १२ दोघां भावांचें आहे आणि खातेदारांच्या नांवांची तिसरी वही खाते क्रमांकावर या उत्तरास जोडली. खातें १२ च्या तीन ओळी दुप्पट होऊन सहा होतात, खातें १५ ची एक, मिळून ओळी सात. आतां पिकाखालील क्षेत्राची बेरीज केल्यास ७.२० हेक्टर येते. जमिनीवर पीक ४.०० हेक्टर आणि कागदावर ७.२०. अशा आंकड्यावर भरपाई वांटली तर एकास दोनदां मिळेल. आणि तपासणींत दोष सांपडला म्हणजे खऱ्या हक्कदाराचीहि रक्कम अडकून पडेल. यास उपाय सोपा आहे. आधीं प्रत्येक वहीची तिच्या तिच्या किल्लीवर बेरीज करावी, एका किल्लीस एक ओळ उरली म्हणजे मग जोडावी. आणि जोडणीपूर्वीं व जोडणीनंतर ओळी मोजाव्या. ओळी वाढल्या तर कां वाढल्या व घटल्या तर कोण गळलें, याचें उत्तर मिळाल्यावांचून पुढें जाऊं नये.

किल्ली जुळत नाहीं तेव्हां

मनुष्य ‘काशिनाथ’ व ‘काशीनाथ’ हे एकच समजतो. यंत्रास ऱ्हस्व-दीर्घाचा भेद म्हणजे दोन भिन्न माणसें. आधार पत्रावर नांव आधीं व आडनांव शेवटीं, सातबाऱ्यावर आडनांव आधीं, बँकेच्या पुस्तकांत ‘राव’ जोडलेलें किंवा गाळलेलें. म्हणून नांवावर जोडणी करणें हा सर्वांत कच्चा मार्ग होय. क्रमांकहि अगदीं निर्दोष नसतात. एका वहींत ‘४१/१’ व दुसरींत ‘४१-१’ असें लिहिलें तर ते जुळत नाहींत. एका ठिकाणीं नागरी आंकडे व दुसऱ्या ठिकाणीं इंग्रजी आंकडे असले, तर आपल्या डोळ्यांस तोच क्रमांक दिसतो, पण यंत्र तीं निराळीं अक्षरें धरतें. क्रमांकापुढें पडलेली एक मोकळी जागा देखील जोडणी मोडण्यास पुरी होते.

आपल्या मराठवाड्याच्या दप्तरास याशिवाय इतिहासाची गुंतागुंत आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत, आणि जालना जिल्हा तेव्हांच्या औरंगाबादेपासून १ मे १९८१ रोजीं निराळा झाला. संस्थानी कागद फसली सनांत आहेत. १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक जुन्या हक्काच्या शोधांत आजहि मागितलें जातें. त्यांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे; आजच्या उताऱ्यावर तें हेक्टर-आरांत आहे. जेथें तुकडे एकत्रीकरणाची योजना अमलांत आली तेथें जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. अर्थात् जुनी वही व नवी वही यांत समान रकानाच उरला नाहीं. अशा वेळीं मध्यें तिसरें कोष्टक घालावें लागतें. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटांत गेला, हें दाखविणारा एकत्रीकरणाचा तक्ता तोच. जुनी वही तक्त्यास जोडावयाची व तक्ता नव्या वहीस. संगणकांत यास दुवा-कोष्टक म्हणतां येईल. एका सर्व्हे नंबराचे तुकडे दोन गटांत गेले असतील, किंवा दोन नंबर मिळून एक गट झाला असेल, तर येथेंहि ओळी वाढतात. म्हणून क्षेत्राची वांटणी तक्त्यांतच लिहिलेली असावी.

याद्यांतील अनुभव

२०१७ सालच्या कर्जमाफीच्या वेळीं बँकांकडील कर्जखातीं व शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज यांचा मेळ घालावा लागला, आणि त्या खटाटोपांत याद्या लांबल्या. २०१९ सालीं सुरू झालेल्या किसान सन्मान निधींत वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळतात. तेथें जमिनीची नोंद, आधारची पडताळणी व आधारशीं जोडलेलें बँकखातें, या तीनहि गोष्टी जुळाव्या लागतात. ही लागोपाठ केलेली उभय जोडणीच आहे. तिन्हींपैकीं एक दुवा तुटला, कीं हप्ता थांबतो. अशा वेळीं शेतकरी म्हणतो, ‘माझें तर सर्व कागद बरोबर आहेत.’ आणि तें खरेंहि असतें. प्रत्येक कागद आपापल्या जागीं बरोबर असतो. दोन कागदांमधला दुवा बरोबर नसतो. म्हणून अर्ज करतांना ‘माझें नांव कां नाहीं?’ एवढेंच विचारूं नये. ‘कोणत्या दोन नोंदी, कोणत्या क्रमांकावर, जुळल्या नाहींत?’ असें विचारावें. प्रश्न नेमका असला म्हणजे उत्तर देणाऱ्यास टाळतां येत नाहीं, व दुरुस्ती कोठें करावयाची तें कळतें.

जमीनधारकांनीं काय करावें?

१. सातबारा, आठ-अ, आधार व बँकेचें पुस्तक हे चार कागद एकत्र मांडून नांवाचें अक्षरन् अक्षर ताडून पाहावें. भेद आढळल्यास तलाठ्यांकडे, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी अर्ज द्यावा.

२. आपल्या प्रत्येक गटाचा क्रमांक पोटहिश्शासह एका वहींत एकाच पद्धतीनें लिहून ठेवावा, व प्रत्येक अर्जांत हुबेहूब तसाच लिहावा.

३. हंगामाची पीक पाहणी मुदतींत करावी. जमीन पड असली तरी तशी नोंद करावी. कोरें सोडूं नये. नोंद झाल्यावर ती बारा नमुन्यांत उतरली कीं नाहीं, हें पुन्हां पाहावें.

४. सामायिक खात्यांत कोणाचा हिस्सा किती, हें उताऱ्यावर स्पष्ट असावें. वारसाची नोंद वर्षानुवर्षें लांबवूं नये. मयताच्या नांवाला आजचें आधार जुळत नाहीं.

५. गांवांत यादी प्रसिद्ध झाली म्हणजे आपलें नांव शोधून थांबूं नये. आठ-अ ची खातेसंख्या व यादींतील खातेसंख्या यांची तुलना ग्रामसभेंत मागावी. फरक निघाला, तर ती गळलेली नांवें होत.

स्वतःच्या वह्यांची जोडणी

ही विद्या केवळ सरकारी याद्यांपुरती नाहीं. पुष्कळ बागाईतदार आपल्या घरीं खर्चाची वही ठेवतात, विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवतात, मृद आरोग्य पत्रिकाहि त्यांच्यापाशीं असते. परंतु तीनहि कागद निरनिराळ्या फडताळांत. खर्च घरखर्चांत मिसळलेला, विक्री सबंध कापसाची एकदम, माती कोणत्या गटाची तें पत्रिकेवर अर्धवट. त्या सर्वांवर ‘गट, हंगाम, पीक’ ही तिहेरी किल्ली लिहिण्याची सवय ठेवली, तर वर्षाअखेर त्यांची जोडणी होऊं शकते, आणि कोणत्या गटांत कोणतें पीक नफ्यांत गेलें व कोणत्यांत तोट्यांत, हें समोर येतें. डावी जोडणी येथेंहि कामाची आहे. खर्चाची वही प्रमाण धरून तिला विक्री जोडावी. ज्या गटापुढें विक्रीचा रकाना रिकामा येईल तेथें पीक बुडालें, अथवा पट्टी हरवली, अथवा माल अजून घरांत आहे.

पीकनोंदीची वही स्वतःशींच जोडण्याचीहि एक युक्ति आहे. यंदाची ओळ डावीकडे व त्याच गटाची गेल्या वर्षाची ओळ उजवीकडे ठेवली, म्हणजे कापसावर कापूस किंवा सोयाबीनवर सोयाबीन कोठें घेतलें गेलें तें एका दृष्टिक्षेपांत दिसतें. यास स्वजोडणी म्हणावें. फेरपालटाचा विचार करणाऱ्यास याहून स्वस्त साधन नाहीं. शंभर ओळींपर्यंतची जोडणी साध्या कागदावर होते. पुढें घरांतील शिकलेल्या मुलामुलींकडून ती संगणकावर करून घ्यावी. त्यांनाहि शेतीच्या हिशेबांत गोडी लागेल.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें, कीं यंत्र न्याय करीत नाहीं व अन्यायहि करीत नाहीं. त्यास जी किल्ली दिली व जोडणीचा जो प्रकार सांगितला, तेवढेंच तें करितें. गळलेली ओळ आपण होऊन हांक मारीत नाहीं. तिचा शोध घेणारा कोणी तरी असावा लागतो. प्रत्येक गांवांत अशीं दोन-चार माणसें तयार झालीं, आणि पुढील खरिपाची यादी लागण्यापूर्वींच त्यांनीं दोन वह्या शेजारीं ठेवून ओळी मोजल्या, तर या लेखाचा हेतु सफल झाला असें होईल.